नदीपलीकडचे पाच लाख वॅट

डेल रिओ हे टेक्सासमधले, रिओ ग्रांदे नदीच्या काठचे गाव. १९३०च्या दशकात तिथला मोठा धंदा लोकरीचा: मेंढ्यांची लोकर आणि अंगोरा शेळ्यांचे मोहेर. पूल ओलांडला की मेक्सिकोच्या कोआविला राज्यातले व्हिया आकुन्या लागे. तेही उन्हाने भाजलेले, धुळीचे आणि तेवढेच आडबाजूचे. या आडबाजूला १९३५ साली एक्सईआरए नावाचे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि त्याच्या प्रक्षेपकाची ताकद पाच लाख वॅटवर नेण्यात आली. अमेरिकेत तेव्हा मोठ्यात मोठ्या केंद्रालाही पन्नास हजार वॅटच्या वर परवानगी नव्हती. अपवाद एकच, सिनसिनाटीचे डब्ल्यूएलडब्ल्यू. त्यालाही पाच लाखांची मुभा प्रयोग म्हणून १९३४ ते १९३९ एवढीच मिळाली. एक्सईआरएवरून व्हर्जिनियाच्या डोंगरातले एक कुटुंब गाणी म्हणत असे आणि ती गाणी रात्री थेट कॅनडात लागत.

कंट्री संगीताचा इतिहास बहुधा गायकांच्या नावांनी सांगितला जातो. गायक मोठे होतेच. पण ती गाणी इतक्या लांब कशी पोचली, आणि आज आपल्याला ऐकायला कशी मिळतात, हे शोधू गेले की प्रक्षेपक, मनोरे, फ्रिक्वेन्सींचे वाटप आणि कायद्याचे एक कलम यांच्यापाशीच यावे लागते. या दुसऱ्या बाजूला तिचे श्रेय पुरेसे मिळालेले नाही असे मला वाटते.

सुरुवात एका भोंदू डॉक्टरापासून करावी लागते, त्याला इलाज नाही. जॉन ब्रिंकली १९१७ साली कॅन्ससमधल्या मिलफर्ड या खेड्यात आला. वस्ती दोनेकशे. बोकडाच्या वृषणाचा तुकडा पुरुषाच्या शरीरात बसवला की गेलेला जोम परत येतो, असे सांगून तो शस्त्रक्रिया करी आणि तिचे साडेसातशे डॉलर घेई. ही उघड फसवणूक होती आणि तिच्यात माणसे दगावली. १९२३ मध्ये त्याने मिलफर्डमध्येच केएफकेबी हे रेडिओ केंद्र काढले.

रेडिओ मात्र या माणसाला फार लवकर कळला. शहरी केंद्रांचा ओढा वाद्यवृंदांकडे आणि ऑपेराकडे होता. ब्रिंकलीने माइकसमोर फिडल वाजवणारे, स्तोत्रे म्हणणारे आणि गावगाणी गाणारे लोक आणून बसवले, आणि मधल्या वेळात स्वतः सावकाश, ओसरीवर बसल्यासारखे बोलू लागला. श्रोत्यांची पत्रे वाचून तो हवेतूनच निदान करी आणि नंबर घातलेली औषधे सांगे; ती ठरलेल्या दुकानांतून विकली जात आणि त्यातला वाटा त्याला पोचे. एका रेडिओ मासिकाने घेतलेल्या कौलात केएफकेबी देशातले सर्वांत लोकप्रिय केंद्र ठरले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. १९३० मध्ये कॅन्ससच्या वैद्यकीय मंडळाने त्याचा परवाना काढून घेतला आणि त्याच वर्षी फेडरल रेडिओ कमिशनने केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. दोन्ही निर्णय योग्यच होते.

पण नियमाचा अंमल नदीपर्यंतच होता, आणि नदीपलीकडे मेक्सिकोच्या मनात एक जुना सल होता. मध्यमलहरींवर ५५० ते १५०० किलोसायकलच्या पट्ट्यात, दहा-दहाच्या अंतराने, ९६ जागा बसत. अमेरिका आणि कॅनडा यांनी त्या आपसात वाटून घेतल्या होत्या. मेक्सिकोला कुणी विचारलेच नव्हते. त्यामुळे अमेरिकेने हाकललेला एक इसम दारात येऊन मोठे केंद्र उभारतो म्हणाला, तेव्हा परवाना द्यायला मेक्सिकोला फारसा विचार करावा लागला नाही.

२१ ऑक्टोबर १९३१ रोजी एक्सईआर हे केंद्र ७३५ किलोसायकलवर सुरू झाले. हा आकडा पाहण्यासारखा आहे. ७३० वर माँट्रियलचे केंद्र होते आणि ७४० वर अटलांटाचे. दोघांच्या बरोबर मध्ये तिसरे येऊन बसले. रेडिओच्या संचात दोन वाहक लहरी एकदम शिरल्या की त्यांच्यातल्या फरकाइतका सूर कर्ण्यातून निघतो. इथे फरक पाच किलोसायकलचा, म्हणजे सेकंदाला पाच हजार आवर्तनांची एक तीव्र, अखंड शिट्टी. अटलांटाचे श्रोते आपल्या शहराचे केंद्र लावत आणि त्यामागे ही शिट्टी ऐकत. तक्रारींचा पाऊस पडला. मेक्सिकोने थोड्याच वर्षांत हे केंद्र बंद पाडले. १९३५ मध्ये ते एक्सईआरए या नव्या नावाने आणि ८४० किलोसायकल या नव्या जागी पुन्हा सुरू झाले. ब्रिंकली तोवर डेल रिओला राहायला आला होता.

ब्रिंकलीचा इंजिनिअर होता जेम्स वेल्डन. या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत आदर वाटतो तो याच्याविषयी. पाच लाख वॅटचा मध्यमलहरी प्रक्षेपक बांधणे ही तेव्हा जगातही मोजक्या लोकांना जमणारी गोष्ट होती. अशा यंत्रातले व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या जुन्या घरगुती रेडिओतल्या बोटभर काचेच्या नळ्या नव्हेत. त्यांच्या अ‍ॅनोडवर एवढी उष्णता साठते की तो सतत वाहत्या पाण्याने थंड ठेवावा लागतो. अ‍ॅनोडवर हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून ते पाणी शुद्ध हवे, वीज वाहून न नेणारे. ते खेळवणारे नळ लांबलचक आणि विद्युतरोधक हवेत. पाणी थांबले की व्हॉल्व्ह गेलाच. थंड करण्याची, वीजपुरवठ्याची आणि सुरक्षेची यंत्रणा प्रक्षेपकाइतकीच मोठी होऊन बसते. कारखान्यांपासून आणि प्रयोगशाळांपासून शेकडो मैल दूर, वाळवंटाच्या कडेला, वेल्डनने हे चालवून दाखवले.

त्याचे दुसरे काम मनोऱ्यांचे. एका उभ्या मनोऱ्यातून लहरी चहूकडे सारख्या जातात. दोन मनोरे ठरावीक अंतरावर उभे केले आणि दोघांना दिलेल्या विजेच्या लहरींत वेळेचा नेमका फरक ठेवला, तर एका दिशेला दोघांच्या लहरी एकमेकींना साथ देतात आणि उलट दिशेला एकमेकींना मारतात. एक्सईआरएला दक्षिणेकडे, म्हणजे ज्या देशाच्या जमिनीवर ते उभे होते त्या देशाकडे, आवाज पाठवायची गरजच नव्हती. सगळा झोत उत्तरेकडे वळवला गेला. त्या दिशेला आपले केंद्र दहा लाख वॅटचे काम करते असा दावा केंद्रवाले करत.

बाकीचे काम रात्र करी. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो आणि तो मध्यमलहरी शोषून घेतो. तेव्हा ऐकू येते ती फक्त जमिनीलगत सरकत जाणारी लहर. सूर्य मावळला की हा थर विरतो, वर गेलेल्या लहरी त्याहून उंचावरच्या थरांवर आपटून परततात आणि शेकडो मैलांवर उतरतात. मध्यमलहरींवर रात्री लांबची केंद्रे लागतात ती याचमुळे. वाट मात्र खात्रीची नसते. वरचे थर हलत राहतात, आवाज चढतो, बुडतो, मध्येच चिरकतो.

या सगळ्या प्रवासात मोठा वाद्यवृंद टिकत नाही. त्याचा नुसता कालवा होतो. टिकतो तो एकच स्वच्छ आवाज आणि एकदोन तारवाद्ये. कंट्री संगीत रेडिओवर रुजले याची कारणे अनेक आहेत, पण मध्यमलहरींचा हा स्वभाव त्यातले एक महत्त्वाचे कारण आहे असे माझे मत आहे. एक्सईआरएवर गाणाऱ्या त्या व्हर्जिनियातल्या कुटुंबाचे, म्हणजे कार्टरांचे, गाणे ऐकले की हे लगेच पटते. सारा कार्टरचा आवाज खालच्या पट्टीतला, ठाम, शब्द न् शब्द सुटा. मेबेलची गिटार वाजवण्याची तऱ्हा तर रात्रीच्या रेडिओसाठीच बनल्यासारखी होती: अंगठ्याने जाड, खर्जातल्या तारांवर गाण्याची चाल वाजवायची आणि बाकीच्या बोटांनी वरच्या तारांवर ताल धरायचा. चाल खालच्या सुरांत असल्याने खरखरीतही ती हरवत नसे.

ही मंडळी व्हर्जिनियातल्या पुअर व्हॅलीची. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची मावसबहीण मेबेल, जी ए. पी.च्या धाकट्या भावाला दिलेली. ऑगस्ट १९२७ मध्ये व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर ब्रिस्टल या गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आला होता. त्या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते. तिथे या तिघांची पहिली गाणी मुद्रित झाली. तबकड्या खूप खपल्या, पण मंदीने तो धंदा बसवला, आणि तोवर सारा आणि ए. पी. यांचा संसारही मोडला होता. १९३८ मध्ये शिकागोच्या कन्सॉलिडेटेड रॉयल केमिकल कंपनीने त्यांना टेक्सासला बोलावले. पेरुना हे टॉनिक आणि कोलोरबॅक हा केसांचा कलप यांची जाहिरात गाण्यांतून करायची. माणशी आठवड्याला ७५ डॉलर, आणि काम वर्षातले सहा महिने. मंदीतून नुकत्या सावरणाऱ्या डोंगरी माणसांसाठी ही चांगलीच रक्कम होती.

पहिल्या हंगामात ते केंद्रावर येऊन थेट गात, सकाळी आणि संध्याकाळी. याच काळातली एक हकिगत त्यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितली जाते. साराचे प्रेम ए. पी.च्या चुलतभावावर, कॉय बेजवर, होते. तो कधीचाच कॅलिफोर्नियाला निघून गेला होता आणि पत्रव्यवहार तुटला होता. एका कार्यक्रमात साराने पुढचे गाणे कॅलिफोर्नियातल्या कॉय बेजसाठी आहे असे सांगितले आणि निळ्या डोळ्यांच्या आठवणीचे ते गाणे म्हटले. कॉयने ते ऐकले आणि तो टेक्सासला आला. २० फेब्रुवारी १९३९ रोजी डेल रिओजवळच्या ब्रॅकेटव्हिल गावी त्यांचे लग्न झाले. ए. पी. त्याच कार्यक्रमात गात राहिला, त्याच दोघींच्या शेजारी उभा राहून. हे मला त्या लग्नाइतकेच लक्षात राहते.

ऐकणारे बहुतेक खेड्यांतले, आणि १९३५च्या सुमारास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी नऊ घरांत वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की ती गावात नेऊन भरून आणायची, म्हणून रोज किती वेळ रेडिओ लावायचा याचा हिशेब घरोघरी असे. झेनिथ कंपनीने सहा व्होल्टच्या रेडिओसोबत छपरावर बसवायची छोटी पवनचक्की विकायला काढली तेव्हा हा हिशेब जरा सैल झाला. अशा घरांतली मुले रात्री ही गाणी ऐकत मोठी झाली. आर्कान्सॉतल्या डायस गावच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला एक मुलगा, जॉनी कॅश, त्यांपैकीच. १९३९-४० पासून कार्टरांच्या कार्यक्रमात मेबेलच्या मुलीही गाऊ लागल्या होत्या. त्यातली दहा वर्षांची जून हिचा आवाज त्याने बालपणी रेडिओवर ऐकला, आणि १९६८ साली तिच्याशी लग्न केले.

प्रक्षेपकाच्या आसपासच्या गावांत असेही सांगत की कुंपणाच्या तारांतून, पलंगाच्या स्प्रिंगांतून गाणी ऐकू येतात. अतिशयोक्ती त्यात असणारच, पण मुळात तथ्य आहे. इतक्या ताकदीच्या प्रक्षेपकाजवळ लांब तार अँटेनाचे काम करते आणि गंजलेला सांधा जुन्या क्रिस्टल संचातल्या स्फटिकाचे. पत्रा कुठे सैल असला की तो थरथरून आवाज काढतो.

आता त्या कलमाकडे येतो. सुरुवातीच्या काळात ब्रिंकली मिलफर्डमधून बोले आणि त्याचा आवाज भाड्याच्या टेलिफोन तारेवरून व्हिया आकुन्याला जाई. माणूस कॅन्ससमध्ये, प्रक्षेपक मेक्सिकोत, श्रोते पुन्हा अमेरिकेत. १९३४च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टमध्ये ३२५(ब) हे कलम आले आणि अमेरिकेतल्या स्टुडिओतून परदेशी केंद्राला असा कार्यक्रम पाठवायला परवानगी सक्तीची झाली. लोक त्याला ब्रिंकलीचे कलमच म्हणत. तारेची वाट बंद झाली. तेव्हा आवाज तबकडीवर घालून गाडीने पुलापलीकडे न्यायची पद्धत पडली. कायदा तबकड्यांनाही लागू आहे असे सरकारचे म्हणणे होते, पण सीमेवरचाच दुसरा केंद्रचालक नॉर्मन बेकर याच्या खटल्यात अपील न्यायालयाने १९३७ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली आणि तबकड्यांची वाट उघडी राहिली.

या तबकड्या घरातल्या ग्रामोफोनच्या नसत. व्यास सोळा इंच, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला पंधरा मिनिटांचा मजकूर. आत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वर काळ्या लॅकरचा थर. कोरणारी सुई फिरू लागली की लॅकरचा केसासारखा अखंड धागा निघत राहतो. तो सुईत गुंतला तर मुद्रण फुकट, म्हणून यंत्रापाशी एक माणूस ब्रश घेऊन उभा असतो आणि धागा मध्याकडे सारत राहतो. तो धागा चटकन पेट घेणारा, त्यामुळे जवळ विडी-सिगारेटला मनाई. चूक झाली तर पुसायची सोय नाही. गाणे, जाहिरात, निवेदन सगळे पंधरा मिनिटे एका दमात व्हायला हवे. कार्टर कुटुंब नंतरच्या हंगामांत सॅन अँटोनियोत राहून असेच मुद्रण करी आणि त्या तबकड्या सीमेवरच्या अनेक केंद्रांना जात. एकाच वेळी अनेक केंद्रांवरून एकच कुटुंब गाऊ लागले.

थेट गायलेले हवेत विरले. एक्सईआरएवरचा तो पहिला हंगाम, साराचे कॉयसाठीचे ते गाणे, आज कुणालाच ऐकता येत नाही. तबकड्यांवर घातलेले कार्यक्रम मात्र उरले. त्यातले १९३९ सालचे कितीतरी कॅलिफोर्नियाच्या अरहूली कंपनीने पुढे सीडीवर काढले. त्यात ए. पी.चा मध्येच सामील होणारा, मध्येच गप्प होणारा आवाज आहे, लहान मुलींची गाणी आहेत, निवेदकाचे बोलणे आहे. व्यापारी तबकडीत जे कधीच येत नाही ते रोजचे, सहज गाणे त्यात आहे. आवाज सीमेपलीकडे जाऊ नये म्हणून केलेल्या कायद्यानेच तो जपला जाण्याची सोय करून ठेवली.

मराठी वाचकाला इथे रेडिओ सिलोन आठवेल, आणि साम्य खरोखरच जवळचे आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. समुद्रापलीकडे कोलंबोत महायुद्धाच्या वेळी ब्रिटिशांनी उभारलेला ताकदवान लघुलहरी प्रक्षेपक तयार होता. ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्यावरून लागू लागली. तिचे मुद्रण मुंबईत होई आणि ते विमानाने कोलंबोला जाई. माणूस इकडे, प्रक्षेपक तिकडे, श्रोते पुन्हा इकडेच. केसकरांचा हेतू ब्रिंकलीला रोखणाऱ्यांइतकाच गंभीर होता. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेले काम मोठे आहे. पण लोकांना जे ऐकायचे होते ते त्यांनी पलीकडून ऐकले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

अमेरिका-मेक्सिको सीमेवरचा तिढाही वाटाघाटींनीच सुटला. १९३७ मध्ये हवाना इथे उत्तर अमेरिकेतल्या देशांनी फ्रिक्वेन्सींचा करार केला आणि २९ मार्च १९४१ पासून तो अमलात आला. मेक्सिकोला त्याच्या हक्काच्या जागा मिळाल्या. आता परक्या माणसाच्या केंद्राला पाठीशी घालण्याचे कारण उरले नाही. त्याच वर्षी एक्सईआरए बंद झाले. ब्रिंकलीने फिशबाइनवर लावलेला बदनामीचा खटला तो १९३९ मध्ये डेल रिओच्याच न्यायालयात हरला होता. त्यानंतर रुग्णांचे दावे लागले, दिवाळे निघाले आणि २६ मे १९४२ रोजी सॅन अँटोनियोत तो मेला. कार्टरांचे मूळ त्रिकूट १९४३ मध्ये फुटले. मिलफर्डचे जुने गाव १९६०च्या दशकात धरणाखाली गेले आणि लोकांनी वर नवे गाव वसवले. वेल्डनने डॅलसमध्ये कॉन्टिनेंटल इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी उभी केली. व्हॉइस ऑफ अमेरिकाचा म्युनिकजवळचा दहा लाख वॅटचा प्रक्षेपक आणि अमेरिकी नौदलाचे पाणबुड्यांशी बोलणारे मेनमधले केंद्र तिने बांधले.

व्हिया आकुन्यात १९४७ मध्ये एक्सईआरएफ हे नवे केंद्र निघाले, १५७० किलोसायकलवर, म्हणजे करारात मेक्सिकोच्या वाट्याला आलेल्या जागांपैकी एकीवर. पॉल कॅलिंजर हा निवेदक तिथून वर्षानुवर्षे रात्रभर कंट्री गाणी लावत असे, आणि १९६०च्या दशकात वुल्फमन जॅक हा दुसरा निवेदक तिथूनच अमेरिकाभर प्रसिद्ध झाला. ते केंद्र आज मेक्सिकोच्या सरकारी रेडिओ संस्थेकडे आहे आणि त्याच जागी चालू आहे.

आपल्याकडे सिलोनच्या, आकाशवाणीच्या मुंबई, पुणे, नागपूर, सांगली, रत्नागिरी केंद्रांच्या कार्यक्रमांच्या फिती अनेक घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. कुणी रेडिओला टेपरेकॉर्डर लावून घरी मुद्रित केलेल्या, कुणाच्या वडिलांनी केंद्रात नोकरी करताना जपलेल्या. पुष्कळ कार्यक्रमांची केंद्रातली फीत पुसून पुन्हा वापरली गेली असेल, तेव्हा तुमच्याकडची ती एकच प्रत असू शकते. फितीला बुरशी लागते, कॅसेटमधली फीत चिकटते, लॅकरच्या तबकडीचा थर पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि त्या वाजवणारी यंत्रे दुरुस्त करणारी माणसेही कमी होत चालली आहेत. या दिवाळीच्या साफसफाईत असे काही हाती लागले तर ते रद्दीत देऊ नका. आधी जाणत्या माणसाकडून डिजिटल प्रत करून घ्या, डब्यावरची तारीख आणि नाव जसेच्या तसे उतरवून ठेवा, आणि मूळ वस्तू एखाद्या संग्राहकाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या हाती सोपवा.